सासूबाईंचं युरिन इन्फेक्शन, अँटिबायोटिक आणि वैद्यांच्या पुड्या : एकत्र चालतं का?

कऱ्हाडची_सून

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय, सांभाळून घ्या. आमच्या सासूबाई ६४ वर्षांच्या, शुगर पंधरा वर्षं झाली. गेल्या दिवाळीपासून ही चौथी वेळ, उन्हाळी लागल्यासारखी जळजळ, दर अर्ध्या तासाला बाथरूम, ओटीपोटात दुखणं, रात्रीची झोप नाही. पहिल्या दोन वेळी जवळच्या डॉक्टरांनी सिप्रोफ्लॉक्सासिन दिली, चार दिवस बरं वाटलं की परत सुरू. तिसऱ्या वेळी कल्चर (लघवीतले जंतू वाढवून बघायची तपासणी) केलं तर ई कोलाय निघाला, खाली लिहिलंय ईएसबीएल पॉझिटिव्ह आणि समोर आर आर आर आर अशी ओळच (आर म्हणजे जंतू त्या औषधाला दाद देत नाही, एस म्हणजे देतो). सिप्रो आर, सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन आर, कोट्रायमोक्साझोल आर. एस फक्त नायट्रोफ्युरेंटॉइन, फॉस्फोमायसिन आणि ते महागडं इंजेक्शन मेरोपेनेम. आता नायट्रोफ्युरेंटॉइन सुरू आहे, आज दुसरा दिवस.

खरी गोष्ट पुढे आहे. सासूबाईंचा गावाकडच्या वैद्यबुवांवर फार विश्वास, आणि मला खोटं बोलायचं नाही, माझाही आहे, माझ्या मोठ्या मुलाचा खोकला त्यांनीच घालवला. त्यांच्याकडून चंद्रप्रभा वटी दोन-दोन, गोखरूचा काढा, श्वेतपर्पटीची पुडी आणि जेवणाआधी त्रिकटु मधातून असं चालू आहे. हे एमडी डॉक्टरांना माहीतच नाही. विचारलं की सासूबाई "दुसरं काही घेत नाही हो" म्हणून मोकळ्या होतात आणि मी बाजूला बसून जमिनीकडे बघते.

त्यात भावजींनी काल फॅमिली ग्रुपवर मेसेज टाकलाय की अँटिबायोटिकसोबत हळद आणि मिरी घेतली तर गोळीची ताकद दुप्पट होते आणि दाद न देणारे जंतूपण मरतात, शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय म्हणे. आता त्या हळद-मिरीचं दूधही सुरू करायचं म्हणतायत. माझा प्रश्न सरळ आहे, हे सगळं एकत्र चालतं का? खरंच काही फायदा होतो का की उगाच पोटात भेळ चाललीय? कुणाला अनुभव असेल किंवा या क्षेत्रातलं कुणी असेल तर सांगा प्लीज.

---

सदाशिव_शंकेखोर

ताई, सगळं बंद करा आणि डॉक्टरांचं ऐका. काढ्यानं ईएसबीएल मरत असता तर हॉस्पिटलांनी आयसीयूत काढ्याच्या किटल्या ठेवल्या असत्या.

---

कोयनाकाठ_मावशी

शंकेखोर, अहो विचारणाऱ्या बाईला जरा नीट उत्तर द्या की. ताई, तुमच्या सासूबाईंच्या जागी मीच होते पाच वर्षांपूर्वी. मलापण वाटायचं आपल्याच नशिबी हे का, वर्षातून पाच-सहा वेळा व्हायचं. कुणाला सांगायची पण लाज. शेवटी एका लेडी डॉक्टरनी सोनोग्राफी करायला लावली, लघवी करून आल्यावर पिशवीत किती उरते ते बघितलं आणि सांगितलं की पाळी गेल्यावर खालची त्वचा कोरडी पडते, तिथले चांगले जंतू कमी होतात, म्हणून हे परत परत होतं. लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम दिलं. त्या क्रीमनं जे झालं ते दोन वर्षांच्या गोळ्यांनी आणि काढ्यांनी झालं नव्हतं. तुमच्या डॉक्टरांना हे जरूर विचारा, पुरुष डॉक्टर असेल तर बायका हा विषयच काढत नाहीत आणि मग तो राहूनच जातो.

आणि शुगर किती आहे हो? तीन महिन्यांची टेस्ट केली का?

---

पेट्रीडिश

मी मायक्रोबायोलॉजीवाला, बारा वर्षं लॅबमध्ये रोज हेच कल्चर बघतोय, डॉक्टर नाही, तेव्हा गोळ्या बदलायचा सल्ला देणार नाही. पण भावजींच्या मेसेजमागे काय आहे ते सांगू शकतो कारण त्यात अर्धं खरं आहे आणि अर्धं खरं असलं की जास्त घोळ होतो.

लॅबमध्ये दोन औषधं एकमेकांना मदत करतात का ते असं बघतात. ९६ छोट्या खड्ड्यांची प्लॅस्टिकची प्लेट असते. आडवं अँटिबायोटिक निम्मं-निम्मं करत न्यायचं, उभा वनस्पतीचा अर्क निम्मा-निम्मा करत न्यायचा, मग प्रत्येक खड्ड्यात दोघांचं वेगळं मिश्रण तयार होतं. त्यात जंतू टाकायचे, रात्रभर ३७ डिग्रीला ठेवायचे आणि सकाळी कुठे गढूळ झालंय आणि कुठे पाणी स्वच्छ राहिलंय ते बघायचं. एकट्या गोळीला जेवढा डोस लागत होता त्याच्या पाव डोसात काम झालं आणि अर्काचंही तसंच पाव भागात झालं तर त्याला सिनर्जी म्हणायचं. अशा प्रयोगांचे पेपर भारतातून ढिगानं निघतात, हळद, लसूण, दालचिनी, तुळस, सगळ्यांवर. खोटे नसतात ते. पण त्या खड्ड्यात अर्क असतो मिलीलिटरला अर्धा-एक मिलिग्रॅम असा. हळदीतलं कर्क्युमिन तुम्ही ग्रॅमनं खाल्लंत तरी रक्तात सापडतं नॅनोग्रॅममध्ये, म्हणजे लाखो पटींचा फरक. एवढ्या घट्ट द्रावणात जंतू बुडवायचे म्हटले तर व्हिनेगरपण मारेल त्यांना.

मिरीचं काय ते सांगतो, ती गोष्ट जास्त मजेशीर आहे. १९९८ साली बेंगळुरूच्या संशोधकांनी माणसांना २ ग्रॅम कर्क्युमिन आणि सोबत २० मिलिग्रॅम पिपरीन म्हणजे मिरी-पिंपळीतला तिखट घटक दिला, तर रक्तातलं कर्क्युमिन २००० टक्क्यांनी वाढलं. हाच आकडा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो. पण मुळात जवळजवळ शून्य होतं ते वाढून किती होणार?

आता जंतूची बाजू. बऱ्याच जंतूंकडे पंप असतात, आत आलेलं औषध उलटं बाहेर फेकायचे, विहिरीवर मोटार बसवावी तसे. स्टॅफिलोकॉकस म्हणून गळू-पू करणारा जंतू असतो, त्याचा असा एक पंप आहे, नॉरए. दारुहळदीत बर्बेरिन नावाचं पिवळं द्रव्य असतं, ते जंतू मारू शकतं पण हा पंप त्याला बाहेर टाकतो. २००० साली अमेरिकेतल्या संशोधकांना असं सापडलं की दारुहळदीच्याच जातकुळीतली एक वनस्पती बर्बेरिनसोबत आणखी एक पदार्थ बनवते जो स्वतः जंतूला काही करत नाही, फक्त पंप बंद पाडतो. म्हणजे झाडानं स्वतःच कॉम्बिनेशन थेरपी केलेली! मला हा पेपर वाचून झाडांबद्दल जो आदर वाटला तो आजवर गेला नाही. पिपरीनपण नॉरए अडवतं आणि सिप्रोचा परिणाम वाढवतं असं आपल्या जम्मूच्या सीएसआयआर प्रयोगशाळेनं २००६ मध्ये दाखवलंय. म्हणजे मेसेज लिहिणाऱ्यानं कुठेतरी हेच वाचलेलं असणार.

पण ताई, हे सगळं स्टॅफिलोकॉकसमध्ये. सासूबाईंचा जंतू ई कोलाय. त्याला बाहेरून एक जादा पडदा असतो आणि पंपही वेगळे, जास्त दांडगे. वनस्पतींची बहुतेक द्रव्यं त्या पडद्यातूनच आत शिरत नाहीत. आणि ईएसबीएल म्हणजे तर पंप नाहीच, ते जंतूचं एन्झाइम, म्हणजे औषध कापणारी कात्री आहे. मिरीनं त्या कात्रीची धार जाते असं समजून दूध प्यायचं असेल तर नका पिऊ. चवीसाठी प्यायचं असेल तर माझी हरकत नाही.

---

सदाशिव_शंकेखोर

म्हणजे मी म्हटलं तेच झालं ना, फक्त वीस ओळींत.

---

पेट्रीडिश

नाही हो, तेच नाही झालं. तुम्ही म्हणालात काढ्यात काही नाही. मी म्हणतोय काढ्यात बरंच काही असू शकतं, पण ते या बाईंच्या लघवीच्या पिशवीपर्यंत पोचतं का हा प्रश्न आहे. सर्पगंधा घ्या. मुंबईच्या डॉ. रुस्तम वकिलांनी १९४९ मध्ये ब्लडप्रेशरवर सर्पगंधाचा पेपर लिहिला आणि जगाचं लक्ष तिकडे गेलं, पुढे त्यातून रिसर्पिन निघालं. हे रिसर्पिनपण नॉरए पंप झकास अडवतं. पण त्यासाठी जेवढं लागतं तेवढं माणसाला दिलं तर जंतूच्या आधी पेशंट झोपेल. वनस्पती खोटी ठरली का? नाही. डोस जमला नाही.

---

मेडिकलवाला_कोल्हापूर

माझं दुकान आहे, बी.फार्म आहे. वर सगळे जंतूबद्दल बोलायलेत, मी पोटातलं बोलतो, कारण गोळी आधी पोटातनं रक्तात तरी गेली पाहिजे की.

चंद्रप्रभा वटीच्या डबीवरची यादी वाचा कधीतरी. पस्तीसच्या वर द्रव्यं असतात. त्यात लोह भस्म आहे, सुवर्णमाक्षिक भस्म आहे, म्हणजे लोखंडच. आणि सिप्रो, लेव्होफ्लॉक्सासिन, डॉक्सिसायक्लिन या गोळ्यांचं लोह, कॅल्शियम, मॅग्नेशियम, अ‍ॅल्युमिनियम या मंडळींशी वैर. पोटातच गाठ मारून बसतात आणि गोळी रक्तात कमी जाते. म्हणून सिप्रोच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं की असल्या गोष्टींच्या दोन तास आधी नाहीतर सहा तासांनंतर घ्या. शंखभस्म, प्रवाळ, मोती, कपर्दिक हे सगळं कॅल्शियम. श्वेतपर्पटीत सोरा, नवसागर आणि तुरटी, तुरटी म्हणजे अ‍ॅल्युमिनियम आलंच. आमच्याकडं लोक सिप्रो दुधाबरोबर घेतात, वरनं अ‍ॅसिडिटीचं गुलाबी औषध पितात आणि चौथ्या दिवशी येऊन म्हणतात गोळी लागू पडंना.

हां, पण एक. चंद्रप्रभेतलं लोह फार नसतं, एवढ्यानं गोळी पूर्ण वाया गेली असं मी म्हणणार नाही. पण अंतर ठेवायला पैसे पडत नाहीत.

दुसरं, आता नायट्रोफ्युरेंटॉइन चालू आहे म्हणालात. तिचं लोखंडाशी तसलं वैर नाही, पण ती आम्लधर्मी लघवीत जास्त चालते. आणि तुमच्या वैद्यबुवांची औषधं बघा, चंद्रप्रभेत यवक्षार आणि सज्जीखार, काढ्यातपण काहीजण जवखार घालतात. क्षार म्हणजे अल्कली. म्हणजे एकीकडनं गोळी आत येतीय आणि दुसरीकडनं तिची जमीन आपणच खारवतोय. हे फक्त आयुर्वेदाचं नाही, जळजळ थांबायला सायट्रेटचं सायरप देतात तेपण तसंच, लोक माझ्याकडनं चिठ्ठीशिवाय मागून नेतात. ही गोळी जेवणाबरोबर घ्या, रिकाम्या पोटी मळमळतं आणि शोषणपण कमी होतं. किडनीचं क्रिएटिनिन बघितलंय का ते विचारा, किडनी कमजोर असंल तर ही गोळी लघवीत नीट उतरतच नाही.

तिसरं, थंडी वाजून ताप किंवा पाठीत एका बाजूला कळ आली तर ह्या थ्रेडवर लिहीत बसू नका, सरळ दवाखान्यात न्या. ही गोळी लघवीच्या पिशवीपुरती आहे, किडनीत गेलेलं इन्फेक्शन हिला आवरत नाही.

---

कऱ्हाडची_सून

बापरे. म्हणजे पहिल्या दोन वेळी सिप्रो फेल गेली ती चंद्रप्रभेमुळे? दोन्ही गोळ्या त्या एकत्रच घ्यायच्या, सकाळी चहासोबत. मला आता रडू येतंय.

---

पेट्रीडिश

रडू नका ताई. रिपोर्टमध्ये सिप्रोपुढे आर आहे ना, मग पूर्ण डोस पोचला असता तरी हा जंतू मेला नसताच बहुतेक. कल्चर न करता दिली गेली हे जास्त खटकतंय मला. पुढच्या वेळी गोळी सुरू करायच्या आधी सॅम्पल द्या, नंतर नाही. आणि बरं वाटत असताना "खात्री करायला" म्हणून कल्चर करू नका, या वयात शुगरवाल्या बायकांच्या लघवीत त्रास नसतानाही जंतू सापडतात, त्यांना गोळ्या द्यायच्या नसतात. तिथूनच पुढचा आर तयार होतो.

---

आडुळसा

मी बीएएमएस, साताऱ्यात प्रॅक्टिस करतो. वरच्या मेडिकलवाल्या दादांचं म्हणणं मला मान्य आहे आणि त्यात वैद्यानं चिडण्यासारखं काही नाही. चरकसंहितेच्या विमानस्थान या भागात पहिल्याच अध्यायात सांगितलंय की तीन द्रव्यं जास्त आणि दीर्घकाळ वापरू नयेत : पिंपळी, क्षार आणि लवण. आता चंद्रप्रभेत तिन्ही आहेत आणि वरून त्रिकटु म्हणजे सुंठ, मिरी, पिंपळी. म्हणजे जी गोष्ट फार्मसीवाले दादा आज सांगतायत तिची कुणकुण आपल्याकडे होती. वटी वाईट नाही, पण ती महिनोन्‌महिने कुणाच्या देखरेखीशिवाय चघळायची गोष्ट नाही. आमच्याकडे लोक एकदा लिहून दिलेलं औषध तीन वर्षं परस्पर दुकानातून आणतात हो, त्याचं खापर मग शास्त्रावर.

पिंपळीबद्दल थोडं सांगतो कारण हाच तुमच्या प्रश्नाचा गाभा आहे. जुन्या औषधयोगांत पिंपळी, त्रिकटु इतक्या वेळा का येतं याचा विचार जम्मूच्या प्रयोगशाळेत डॉ. सी. के. अटल यांनी सत्तरच्या दशकाच्या शेवटी केला. त्यांचं म्हणणं असं की पिंपळी स्वतः रोग बरा करत नसेल, बाकीच्या औषधाला आत पोचवत असेल. ती आतड्यातले आणि यकृतातले औषध मोडणारे एन्झाइम थोडे मंदावते. त्याच रस्त्यानं पुढे जाऊन टीबीच्या गोळ्यांचं एक मिश्रण निघालं, २००९ मध्ये बाजारात आलं, रिसोरिन नावाचं. रिफाम्पिसिन नेहमी ४५० मिलिग्रॅम देतात तिथे २०० आणि सोबत १० मिलिग्रॅम पिपरीन. पारंपरिक द्रव्य आणि अँटिबायोटिक एकाच गोळीत, रीतसर चाचण्या करून, रक्तातली पातळी मोजून. एकत्र करायचं तर असं करायचं. सरकारी टीबी कार्यक्रमातल्या गोळ्यांत मात्र पिपरीन नाही, त्या ठरलेल्या पूर्ण डोसाच्याच आहेत, त्यामुळे कुणी घरी डोकं लावून टीबीची गोळी अर्धी करून वर पिंपळी चाटू नये. खरंच करतात लोक म्हणून लिहितोय.

आणि जे एन्झाइम अँटिबायोटिकसाठी मंदावतात तेच फिटच्या फेनिटॉइनसाठी, दम्याच्या थिओफायलिनसाठीही मंदावतात. रक्तात ती औषधं वाढतात आणि त्रास होतो. म्हणून सासूबाईंच्या बाकी सगळ्या गोळ्यांची यादी वैद्यांना दाखवा.

माझं मत विचाराल तर अँटिबायोटिकचे हे पाच-सात दिवस चंद्रप्रभा, पर्पटी आणि त्रिकटु थांबवा. गोखरूचा साधा काढा, धने-जिरे पाणी याला माझी हरकत नाही. आमचं काम खरं तर कोर्स संपल्यावर सुरू होतं, परत होऊ नये म्हणून. पण तुमच्या वैद्यांना विचारून करा, पाठीमागून नको.

---

सदाशिव_शंकेखोर

आडुळसा, तुमचं उत्तर आवडलं, प्रामाणिक आहे. पण "परत होऊ नये म्हणून" याला पुरावा काय? का तो पण चरकातच?

---

आडुळसा

गोखरू-वरुण या वनस्पतींवर मोठ्या, नीट केलेल्या चाचण्या मला तुमच्यासमोर ठेवता येणार नाहीत. अनुभव आहे, तो पुरावा म्हणून तुम्ही घेणार नाही आणि मी आग्रह करणार नाही.

---

पेट्रीडिश

बाहेरच्या वनस्पतींवर झाल्यात तशा चाचण्या, आणि निकाल गमतीशीर आहेत. युरोपात २०१८ मध्ये छापून आलेली एक, ६५९ बायका, साधं युरिन इन्फेक्शन. निम्म्यांना फॉस्फोमायसिन, निम्म्यांना तीन वनस्पतींची गोळी, त्यातली एक रोजमेरी. पुढे आणखी अँटिबायोटिक लागलं नाही अशा बायका फॉस्फोमायसिनकडे ८९.८ टक्के आणि वनस्पतीकडे ८३.५ टक्के. म्हणजे फार मागे नाही! पण इन्फेक्शन किडनीपर्यंत चढलेल्या बायका वनस्पतीच्या बाजूला थोड्या जास्त निघाल्या. आणि या सगळ्या धडधाकट बायका, तुमच्या सासूबाईंसारख्या पंधरा वर्षं शुगर असलेल्या नाहीत.

क्रॅनबेरीचं २०२३ मध्ये कॉक्रेन या जगभरचे अभ्यास तपासणाऱ्या संस्थेनं पन्नास अभ्यास एकत्र करून बघितलं, वारंवार होणाऱ्या बायकांत पुन्हा होण्याचा धोका साधारण पाव भागानं कमी होतो, पण झालेलं बरं करायला उपयोग नाही. आणि आपल्याकडे मिळतो तो डब्यातला ज्यूस म्हणजे साखरेचं पाणी, तो नकोच. डी-मॅनोज या एका प्रकारच्या साखरेच्या पुड्या हल्ली फार विकल्या जातात, २०२४ मध्ये ब्रिटनमधल्या ५९८ बायकांवर सहा महिने बघितलं, काही फरक नाही.

आणि वनस्पतीतलं द्रव्य अधिक अँटिबायोटिक असा थेट माणसांवरचा प्रयोग हवा असेल तर जुना आहे, बांगलादेशातला, १९८७ साली छापलेला. जुलाबाचे १६५ पेशंट. ई कोलायच्या जुलाबात बर्बेरिनच्या एका डोसानं पाणी जाणं बऱ्यापैकी कमी झालं. पण पटकीच्या पेशंटना टेट्रासायक्लिनसोबत दिलं तर टेट्रासायक्लिनपेक्षा जास्त काही फायदा दिसला नाही. बर्बेरिन आतड्यातून रक्तात फारसं जातच नाही, म्हणून आतड्याच्या रोगात निदान त्याला जागा आहे. लघवीत ते कुठून पोचणार.

---

गुळवेलीचा_वेल

मी फक्त एक प्रसंग सांगतो. २०२१ मध्ये चुलतभावाला टीबी निघाला. कोविडचे दिवस, घरोघरी गुळवेलीचा काढा, त्यालापण सकाळ-संध्याकाळ चालू, टीबीच्या गोळ्या गरम पडतात म्हणून उलट जास्तच. सहाव्या आठवड्यात डोळे पिवळे. आता टीबीच्या गोळ्यांनीही लिव्हर बिघडतं आणि त्याच वर्षी मुंबईच्या लिव्हरच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा पेशंटचा अहवाल छापला होता, आयुष मंत्रालयानं तो खोडला होता, पेपरात रोज भांडण. आमच्या डॉक्टरनी हात जोडले, म्हणाले मला आता कळणारच नाही कुणी केलं. सगळं बंद. लिव्हरचे आकडे खाली आल्यावर टीबीची एकेक गोळी परत सुरू करायची, दर काही दिवसांनी रक्त तपासायचं. ट्रीटमेंट दीड महिना मागे गेली. गुळवेलीनं केलं की गोळीनं हे आजही माहीत नाही, मी गुळवेलीला शिव्या देत नाही (नाव बघा माझं). पण दोन संशयित एका खोलीत कोंडले की चोर सापडत नाही.

अ‍ॅमॉक्सिक्लॅव या रोजच्या गोळीनंही कधीकधी कावीळ होते म्हणे. तेव्हा कोणत्याही अँटिबायोटिकच्या वेळी काय काय पोटात जातंय ते डॉक्टरला माहीत पाहिजे.

---

परिंचेकर

जरा वेगळं लिहितो. सगळे "जंतू मरतो का" एवढंच विचारतायत. मुंबईच्या फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्चनं पेरूच्या पानांच्या काढ्यावर काम केलं होतं, २०१० मध्ये छापलंय. आमच्याकडे जुलाबाला पेरूची कोवळी पानं उकळून देतात, माझी आजी द्यायची. तर त्यांना दिसलं की काढा जुलाबाचे सगळेच जंतू मारत नाही, पण जंतूंचं आतड्याच्या पेशींना चिकटणं, आत शिरणं आणि विष तयार करणं यात तो अडथळा आणतो. म्हणजे चोराला मारलं नाही, हत्यारं काढून घेतली. आपण लॅबमध्ये काढ्याची पट्टी ठेवून भोवती स्वच्छ गोल दिसतो का एवढंच बघितलं तर हा काढा "नापास" होतो. मला वाटतं वनस्पती आणि अँटिबायोटिक यांची खरी जोडी जमली तर इथेच कुठेतरी जमेल, एकानं मारायचं आणि दुसऱ्यानं चिकटू द्यायचं नाही. तेही आधी माणसांवर नीट तपासून.

---

पेट्रीडिश

परिंचेकर, एकदम बरोबर. आमच्या रोजच्या तपासणीत चिकटणं मोजायची सोयच नाही, त्यामुळे असं काही असलं तर आमच्या नजरेतून सुटणारच.

---

कऱ्हाडची_सून

अपडेट देते, सगळ्यांचे खूप खूप आभार.

परवा धीर करून सगळ्या डब्या-पुड्या एका पिशवीत घातल्या आणि सासूबाईंना घेऊन एमडींकडे गेले. वाटलं आता बोलणी बसणार. त्यांनी एकेक डबी उघडून वाचली, श्वेतपर्पटीत काय असतं ते मला विचारलं (मी तुमचं उत्तर पाठ करून गेले होते दादा, सोरा नवसागर तुरटी) आणि म्हणाले, आजी हे आधी सांगितलं असतं तर मी रागावलो नसतो. सात दिवस सगळं बंद. क्रिएटिनिन १ आलंय, त्यामुळे हीच गोळी पुढे चालू, जेवणाबरोबर. शुगरची तीन महिन्यांची टेस्ट मात्र ९.४, त्यावर बोलणी बसली, ती मला. शुगरच्या गोळ्यांतली एक लघवीतून साखर बाहेर काढणारी आहे, ती चालू ठेवायची का ते ते स्वतः बघतायत. मावशी, क्रीमचं मी विचारलं, ते म्हणाले गायनॅककडे पाठवतो, विचार चांगला आहे. सोनोग्राफी सोमवारी.

वैद्यबुवांना यांनी फोन केला. ते अजिबात चिडले नाहीत, उलट म्हणाले मला इंग्लिश गोळी चालू आहे हे कुणी सांगितलंच नाही, मी काय स्वप्नात बघणार. म्हणजे सासूबाई दोन्हीकडे गप्प! त्यांनी चंद्रप्रभा आणि पर्पटी काढून टाकली, कोर्स झाल्यावर नाडी बघून ठरवू म्हणाले.

आज पाचवा दिवस, जळजळ नाही, रात्री एकदाच उठल्या. भावजींच्या हळद-मिरीच्या दुधाला नाही म्हटलं, तर ते ग्रुपवर रुसलेत.

आता सासूबाईंचा एकच हट्ट आहे, धन्याचं पाणी बंद करणार नाही. ते चालेल ना?

---

आडुळसा

चालेल.

---

मेडिकलवाला_कोल्हापूर

चालंल की. रात्री भिजत घाला, सकाळी गाळून द्या. फक्त साखर घालू नका.

---

कऱ्हाडची_सून

साखर नाही घालत हो दादा, असं लिहिणार होते. आत्ता स्वयंपाकघरात जाऊन बघितलं तर धन्याच्या तांब्याशेजारी खडीसाखरेचा डबा, झाकण उघडं. म्हणतात ही थंड असते, हिनं शुगर वाढत नाही.